न पेटणारं घर

ओर्दा म्हातारीच्या जिभेला हाड नव्हतं. उभ्या गावाची मडकी तिनं रंगवली आणि उभ्या गावाला फैलावर घेतलं. आज तिचं घर जाळायचं होतं. घर जुनं झालं की भांड्याकुंड्यांसकट त्याला आग द्यायची, मगच शेजारी नवं उभं राहायचं. आतलं काही बाहेर राखून ठेवलं तर घर पेटत नाही, असं सगळेच मानत.

आणि घर पेटेना. रचलेली लाकडं नुसती धुमसत होती. भोवती जमलेल्या गावात कुजबुज वाढत होती. सूर्य बुडेपर्यंत पेटलं नाही, तर कुटुंबानं गाव सोडायचं.

"कोणी लपवलंय काय?" ओर्दा सुनेवर कडाडली. "तूच असशील, सेनिका! माहेराहून येतानाच चोरटे हात घेऊन आलीस!"

सेनिकाच्या नवऱ्यानं तिचं गाठोडं सगळ्यांसमोर उलटं केलं. काही निघालं नाही.

सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा सेनिका सासूच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, तो पेला मी सकाळीच पाहिला होता. बोलले नाही. पण आता द्या."

अंगावरच्या लोकरीच्या पांघरुणाखालून ओर्दानं इवलासा पेला काढला. त्याच्या ओल्या मातीत तिच्या पहिल्या लेकरानं बोटं रुतवली होती. ते लेकरू चालायला शिकण्याआधीच गेलं.

तिनं पेला धुरात फेकला. भडका उडाला, गाव ओरडलं. ओर्दाची बोटं मात्र अजून पेल्याएवढीच मिटलेली होती.