पायरीवरची लाल फुलं

पाडून टाकलेल्या पबांची जलरंगात चित्रं काढणं हा सिरिल हॉल्रॉइडचा म्हातारपणचा उद्योग. गिरणीतून निवृत्त झाला, बायको गेली, तेव्हापासून तो जुने फोटो गोळा करतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसतो. आमच्या लँकेशायरात आता ह्या चित्रांचं खूळच आहे. ज्या बायकांनी जन्मभर त्या पबांना शिव्या घातल्या, त्याच आता दिवाणखान्यात त्यांची चित्रं लावतात. मला किळस येते.

गेल्या वर्षी सिरिलनं आमच्या गल्लीच्या टोकाचा 'सिल्व्हर शटल' काढायला घेतला. फोटो छप्पन्न सालचा. पबातल्या पुरुषांची ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्याची वार्षिक सहल निघण्यापूर्वी काढलेला. बायकांना सहलीला नेत नसत, पबातही दारू विकायच्या खिडकीपलीकडे जाऊ देत नसत. पुरुष ओळीनं उभे, टोप्या तिरप्या, सकाळीच ढोसून लाल झालेले. त्यांत माझा नवरा फ्रँकही आहे. आणि कोपऱ्यात, बाजूच्या दाराच्या पायरीवर, सिरिलची आई एडिथ. ती पबात साफसफाई करायची. गुडघ्यांवर बसून, बादली शेजारी घेऊन, पाठमोरी पायरी घासते आहे. फोटो काढताना तिला कुणी 'जरा उठ' म्हणालं नाही. सिरिलकडे आईचा हा एवढाच फोटो.

त्यानं तिच्या पाठीमागपर्यंत गुंडाळलेल्या ॲप्रनच्या जागी कागद कोराच ठेवला होता. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच पांढरा सोडतात. सगळ्या काळपट विटांमध्ये तेवढीच एक स्वच्छ जागा होती.

चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या काउंटरवरच्या भिंतीला लावायला चित्र हवं होतं. हॉलच्या समितीचा अध्यक्ष डेस्मंड क्रॉम्प्टन, त्या पबवाल्याचाच मुलगा, ते बघायला सिरिलच्या घरी आला. मी चहा ओतत होते.

"सिरिल, गड्या, झकास! पण हे काय रे कोपऱ्यात?"

"आई."

"ते खरं रे. पण लोक खाली बसून केक खाणार आणि वर हे... ढुंगण?"

"तोंड फोटोत आलंच नाही तिचं."

"मग काढूनच टाक की! फुलांची कुंडी टाक तिथं. लाल जिरेनियम. कसं प्रसन्न वाटेल."

मला राहवलं नाही. "डेस्मंड, तिथं फुलं नव्हती. तिथं तुम्ही लोक ओकायचात. माझा फ्रँक कितीदा ओकलाय."

"शी, विनी! चहा पिताना काय हे?"

"आणि तिनं ते हातानं काढलंय, ते?"

 त्याच आठवड्यात मी सिरिलकडे गेले तर आईच्या जागी भलीमोठी कुंडी, आणि कोऱ्या ॲप्रनवर भडक लाल फुलं.

"सिरिल, लाज नाही वाटत?"

"भिंतीवर लागेल गं, विनी," तो खाली बघत म्हणाला. "आजवर माझं एक चित्र चार लोकांत लागलं नाही."

मी चहा न पिता घरी आले.

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर चित्र हॉलमध्ये टेबलावर मांडलं. फ्रेम अजून व्हायची होती. सगळे भोवती गोळा झाले. काय ते दिवस, काय ती माणसं! ज्यांची नाकं त्या दारापाशी रुमालात असायची, तेच गहिवरले. डेस्मंडनं तर डोळे पुसले.

"ही जिरेनियम माझ्या आईची," तो म्हणाला. "रोज सकाळी स्वतः पाणी घालायची. अजून डोळ्यांसमोर आहे."

"हो ना, काय वास दरवळायचा!" मागून कुणीतरी बाई म्हणाली.

 सिरिल पुढे झाला.

"डेस्मंड, तुझ्या आईनं त्या पायरीवर थेंबभर पाणी कधी ओतलं नाही. पाणी माझी आई ओतायची."

"अरे सिरिल, एवढं काय त्यात? फुलंच तर—"

"फुलं मी काढलीत. मला विचार, होती का ते."

त्यानं चित्र उचललं, कोटाखाली धरलं आणि निघाला. मी माझी पर्स घेऊन मागोमाग.

घरी येऊन त्यानं स्वच्छ पाणी आणि स्पंज घेतला. कुंडीचा रंग सुटला. एडिथची पाठ खालून थोडी वर आली, थोडी कुंडीबरोबरच गेली. लाल रंग मात्र कागदात मुरला होता. कितीही टिपला तरी ॲप्रनवर गुलाबी डाग तसेच.

"घाण झालं ना?" त्यानं विचारलं.

"घाणच झालं."

त्यानं हातोडी आणली आणि सिंकच्या वर भिंतीत खिळा ठोकायला लागला. मी चित्रातल्या फ्रँककडे बघितलं. एडिथकडे पाठ करून मस्त हसत उभा.

"ह्याचंही तोंड पुसून टाक त्या स्पंजानं," मी म्हटलं.

"राहू दे गं. घाण कुणी केली ते दिसायला नको?"

हॉलमध्ये आता डेस्मंडनं ब्लॅकपूलच्या टॉवरचं कॅलेंडर लावलंय.