तारांचे रंग

नेटवर्क इंजिनिअरच्या मुलाखतीसाठी लेक आठवडाभर केबलमधल्या तारांच्या रंगांचा क्रम घोकत होती. पोळ्या लाटता लाटता माझाही तो पाठ झाला, अर्थ काही न कळता. आज तिच्या खोलीचं दार बंद आहे. लॅपटॉपमधून साहेबांनी नेमका तोच क्रम विचारला.

"व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन…" ती थांबली. रोज इथेच अडायची. ब्लू गं, आता ब्लू.

शाळेच्या स्नेहसंमेलनात ती कविता विसरली की मी समोर बसून नुसते ओठ हलवायचे. तेवढ्यावर ती पुढे जायची. मुलं मोठी झाली की अडतात तिथून त्यांना आई दिसत नाही.

"सॉरी सर, आठवत नाहीये," ती म्हणाली.

दाराबाहेर माझे ओठ अजून हलतायत.