मेंबर सुनंदाताई

सरकारी कचेरीत फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच की किस्सा शोधायला कपाट उघडावं लागत नाही. मी साताऱ्याहून बदली होऊन सांगलीला आलो आणि दिव्यांगांसाठीच्या समितीचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासूनचे माझे निम्मे किस्से एकाच मेंबरचे आहेत. आटपाडीच्या सुनंदाताई. वय चौतीस, बौद्धिक दिव्यांग. वाचतात, पण बोट ठेवून, सावकाश.

त्यांची थोरली बहीण हिरा खाटेवरून उठत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी तिला मिरजेच्या दवाखान्यात नेणं घरच्यांना कधीच जमलं नाही. तपासणीचं शिबिर आटपाडीत व्हावं, एवढ्यासाठी ताई समितीत आल्या.

*

पहिल्या बैठकीला आई बरोबर होती. बैठक चालवणाऱ्या आमच्या साहेबांनी आईंना विचारलं, "यांना चहा चालतो का?"

"मला इचारा की," ताई म्हणाल्या. "मेंबर मी हाय. आई नुसती एस्टीत सोबतीला."

साहेब वरमले. ताईंनी चहा दोनदा घेतला.

*

त्याच दिवशी साहेबांनी नव्या योजनेचं परिपत्रक अर्धा तास वाचून दाखवलं. "सर्वांना समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी हात वर केला. "मला न्हाई कळलं."

शेजारी आबा बसले होते. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, घरचा ऊस, आवाज असा की शिपाईसुद्धा सावधान उभा राहतो. ते घसा खाकरून म्हणाले, "सायेब, खरं सांगू का? मलाबी न्हाई."

मग एकेक करत सगळेच न समजलेले निघाले! साहेबांनी परिपत्रक पुन्हा मनात वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "हे जरा सोपं करून आणा." मला चार दिवस लागले, कारण आधी मला ते समजून घ्यावं लागलं.

*

पुढच्या बैठकीपासून प्रत्येकाला एक लाल कार्ड दिलं. बोलणं डोक्यावरून जायला लागलं की वर करायचं. रॅम्पविषयी बोलणाऱ्या इंजिनिअरांना ताईंनी पाच मिनिटांत तीनदा थांबवलं. शेवटी ते म्हणाले, "चढ कमी करतो."

"मग आदीच म्हनायचं की."

आबांनी जाताना आपलं कार्ड खिशात घातलं. गावच्या सोसायटीच्या सभेत त्यांनी ते चेअरमनसमोर धरलं म्हणे. चेअरमन अजून आबांशी बोलत नाहीत.

*

आता माझी गोष्ट. आमच्याकडे बैठकीचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप होतं. सव्वीस वर्षं मी तेच करत आलोय. बैठक व्हायची, चहा व्हायचा, सह्या व्हायच्या.

एका बैठकीला साहेबांना घाई होती, म्हणून इतिवृत्ताचा कागद चर्चेआधीच सह्यांसाठी फिरवला. ताईंनी बोट ठेवून वाचलं. त्यात होतं, 'आटपाडीच्या शिबिराचा विषय पुढे ढकलावा, असे सर्वानुमते ठरले.'

"भाऊसाहेब," त्यांनी मला विचारलं, "सर्व म्हंजे कोन कोन?"

"सगळे मेंबर, ताई. तुम्हीपण."

"मी तर अजून बोललीच न्हाई."

मी हळूच म्हणालो, "ताई, सही तर करा, नंतर बघू." हे बोलताना माझी मलाच लाज वाटली.

ताईंनी पेन खाली ठेवलं. कागद पालथा केला, कोरी बाजू वर आली, आणि तो माझ्यापुढे सरकवला. "लिवा. माजी भन हिरा. खाटंवरनं उठत न्हाई. तिला मिरजंला नेता येत न्हाई. डाक्टरला आटपाडीला येता येतंय."

मी लिहिलं. आबा म्हणाले, "माजी सही घ्या." मग बाकीच्यांनी केल्या. सर्वांत शेवटी कागद साहेबांकडे गेला. त्यांनी बराच वेळ तो वाचला, सही केली आणि कॅलेंडर उघडून एक तारीख सांगितली.

"त्या दिशी नगं," ताई म्हणाल्या. "त्या दिशी आटपाडीचा बाजार. मेंढरातनं डाक्टरची गाडी गावात शिरायची न्हाई. दुसरी तारीख काढा."

साहेबांनी पान उलटलं.