माल मिळालाच नाही

कारखान्यात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. एक तर ती दिसायला तशीच, उंच, सरळसोट, अंगावर मूठभर मांस नाही. आणि दुसरं म्हणजे माणूस दारातून आत आला की टेप न लावता ती त्याची छाती-कंबर सांगायची. अर्ध्या इंचाने चुकली तर तिचा दिवस वाया जायचा. एकोणीस वर्षं तिने कोट आणि शर्ट बेतले. मग मालक बदलला, बेतायला मशीन आलं आणि फूटपट्टीला भिंतीवरचं एक घड्याळ हातात देऊन घरी पाठवलं.

घरी नणंद होती. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली. लहानपणच्या आजारामुळे तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली. तयार कपड्यांच्या दुकानात तिला कधी काही धड बसलं नव्हतं. हाताला काम नाही म्हणून फूटपट्टीने तिच्यासाठी एक कोट बेतला. नणंद आरशासमोर उभी राहिली, या अंगाने बघितलं, त्या अंगाने बघितलं, म्हणाली, "अगं, मी सरळ झाले की काय?" आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

त्या कोटातून धंदा निघाला. फूटपट्टी कॉम्प्युटर शिकली. ऑनलाइन दुकान काढलं. गिऱ्हाइकाने आपली मापं लिहून पाठवायची, पैसे भरायचे. हिने त्या मापांचा पेपर पॅटर्न काढून फाइल चढवायची. गिऱ्हाइकाने ती उतरवून घेऊन घरच्या प्रिंटरवर छापायची, कागद जोडायचे आणि कापडाला कात्री लावायची. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत. असली माणसं कुठून कुठून येत. तीन वर्षं धंदा बरा चालला. नवरा मालाचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा तुझे कोटच जास्त गावं हिंडतात."

एका मंगळवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली. गिऱ्हाइकांचे पैसे तिच्या खात्यात वळते करणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. पहिल्याच ओळीत शब्द होता, 'फसवणूक'.

तिने कप खाली ठेवला तो टेबलाच्या कडेवर. फुटला. नणंद काठी टेकत आली.

"काय झालं?"

"ताई, माझ्यावर फसवणुकीची तक्रार आली आहे."

नणंदेने चष्मा लावून पत्र मोठ्याने वाचलं. जन्मभर तारेवर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलेली बाई, तिला सरकारी भाषेची भीती नव्हती. "तुझ्यावर नाही गं. एका गिऱ्हाइकाने बँकेला कळवलंय की पैसे भरले, पण मला माल मिळालाच नाही. बँकेने पैसे तुझ्याकडून परत ओढून घेतलेत. तुझं म्हणणं काय, ते विचारतायत. पुरावा मागतायत, माल पोचल्याची सही नाही तर कुरिअरची पावती."

"फाइलला कुठलं आलं कुरिअर?"

"तेच की."

त्या आठवड्यात आणखी चार तक्रारी आल्या. पुढच्या सोमवारपर्यंत नऊ झाल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, माल मिळालाच नाही. पत्र आलं की कॉम्प्युटर 'टिंग' असा बारीक आवाज करायचा. तो आवाज झाला की फूटपट्टी हातातलं काम टाकायची. तिने आवाज बंद केला. तर आणखीनच वाईट. आता पत्र कधीही येऊन बसलेलं असू शकत होतं. दर पाच मिनिटांनी ती उठून बघायची. कापडावर खडूने मारलेली रेघ वाकडी आली, तसं तिने खडू डब्यात टाकून दिला.

मग दहावं पत्र आलं, ते तक्रारीचं नव्हे, कंपनीचं स्वतःचं. एवढ्या तक्रारी एकाच दुकानावर आल्यामुळे खातं तपासणीखाली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तरं आली नाहीत तर बंद होईल, आणि नाव अशा यादीत जाईल जी बाकीच्या कंपन्याही बघतात.

"म्हणजे पुन्हा कुठेच दुकान काढता येणार नाही," ती म्हणाली. "ताई, चोरांच्या यादीत नाव."

"आधी जेवून घे."

"घशाखाली उतरत नाही."

नवऱ्याचा वाटेतून फोन आला. "आवाज का असा?" त्याने विचारलं. "सर्दी," ती म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि ती त्याच्याशी खोटं बोलली. फोन ठेवल्यावर तिला याचीही भीती वाटली.

त्याच दिवशी दुपारी एक ऑर्डर आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारा एक बाप. मुलगी चौदा वर्षांची, पाठीचा कणा एका बाजूला वळलेला. शाळेत मोठ्या सभेपुढे तिला भाषण करायचं होतं, त्यासाठी कोट. दहा दिवसांत शिवून व्हायला हवा, म्हणून फाइल लवकर द्याल का? मापं त्याने फार जपून घेतली होती, प्रत्येक आकड्यापुढे 'दोनदा मोजलं' असं लिहिलेलं. पण कार्डावरचं नाव बाईचं होतं. फूटपट्टीने विक्रेत्यांच्या ऑनलाइन चर्चेत वाचलं होतं: नवं गिऱ्हाईक, घाई, कार्ड दुसऱ्याच्या नावाचं, की समजा फसवणूक. तिन्ही खुणा जुळत होत्या.

तिने ऑर्डर रद्द केली. बापाने लिहिलं, "कार्ड माझ्या बायकोचं आहे. हवं तर तिच्याशी बोला, नंबर देतो." फूटपट्टीने ते वाचलं आणि त्याला ब्लॉक करून टाकलं. नंतर बराच वेळ ती पडद्याकडे पाठ करून बसली.

चोरी पकडली ती नणंदेने. बुधवारी सकाळी ती आपल्या मोबाइलवर उगाच कोट बघत बसली होती. "इकडे ये," तिने हाक मारली. "हा माझ्या कोटासारखाच ना?"

दुसरंच दुकान, दुसरंच नाव, आणि विकायला फूटपट्टीचेच पॅटर्न, अर्ध्या किमतीत. नमुना म्हणून प्रत्येकाचं एक पान उघडं ठेवलेलं. फूटपट्टीने या कोटाचं पान बोटांनी मोठं केलं. समासात तिच्याच हाताची टीप, 'डावा खांदा साडेचार सेंटिमीटर खाली', आणि शेजारी ऑर्डरचा नंबर. चोराने समास पुसायचे कष्टही घेतले नव्हते. तिने नंबर तक्रारींच्या पत्रांशी ताडून बघितले. नऊपैकी सहा तिथे सापडले. ज्यांना माल मिळालाच नव्हता त्यांचा माल इथे दुकानात मांडलेला होता.

नणंद म्हणाली, "सापडला!" फूटपट्टीने मात्र मोबाइल पालथा ठेवला. कारण त्याच पानाच्या तळाशी, दर फाइलवर असायचा तसा, तिच्या घराचा पत्ता होता.

"ताई, त्यांना आपण कुठे राहतो ते माहिती आहे."

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दोघी जागच्या जागी. बेल पुन्हा वाजली, लांबलचक. फूटपट्टीने टेबलावरची मोठी कात्री उचलली. नणंदेने काठी उलटी धरली. दाराच्या फटीतून विजेचं मीटर वाचणारा माणूस दिसला, हातात वही. त्याने कात्रीकडे बघितलं, काठीकडे बघितलं आणि म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

तो गेल्यावर नणंद हसत सुटली. फूटपट्टीला हसू आलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिथे बसल्या बसल्या तिने नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. "एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "मी उद्या येतो. कडी लावून ठेव, आणि ते उत्तर लिही. भीत भीत लिही, पण लिही."

तिने भीत भीतच लिहिलं. गिऱ्हाइकाने पाठवलेली मापं, फाइल कोणत्या दिवशी किती वाजता उतरवली त्याची नोंद, चोरट्या दुकानातल्या पानाचा फोटो, समासातला नंबर, एकेका तक्रारीमागे एकेक गठ्ठा. एक वाक्य लिहायचं आणि नणंदेला वाचून दाखवायचं. "'कृपा करून' काढ," नणंद म्हणायची, "तू काय भीक मागत नाहीस." गुरुवारी दुपारी सगळं पाठवलं.

निकाल यायला अकरा दिवस गेले. सहा तक्रारी फेटाळल्या गेल्या, तीन तिच्या विरोधात गेल्या. त्या तिघांचे पॅटर्न कुठे सापडले नव्हते, आणि फाइल उतरवल्याची नोंद बँकेला पुरली नाही. खातं वाचलं. चोराचं दुकान बंद झालं आणि आठवड्याभरात दुसऱ्या नावाने उघडलं. तिने पुन्हा तक्रार केली. पत्ता फाइलवरून काढून टाकला. दाराला दुसरी कडी बसवली. बेल वाजली की अजूनही तिचा हात कात्रीकडे जायचा.

चष्मेवाल्याचा नंबर तिने शोधून काढला तोवर सभा होऊन गेली होती.

"मी ती कोटवाली बोलतेय," ती म्हणाली. "तुम्हाला नकार दिला होता."

मग तो म्हणाला, "ती जुन्याच स्वेटरवर गेली. बोलली छान. पण सगळा वेळ टेबलाच्या मागे उभी राहिली."

"मी घाबरले होते," फूटपट्टी म्हणाली. "चूक झाली. मापं माझ्याकडे आहेत अजून. पैसे नकोत."

"फुकट नको," तो म्हणाला. "पण कार्ड बायकोचंच असेल. माझ्याकडे नाही."

पैसे आले, बाईच्या नावाने. फूटपट्टीने फाइल उघडली, पाठीची वळण-रेघ तीनदा तपासली, आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. तक्रार कित्येक महिन्यांनीही येऊ शकते हे तिला आता ठाऊक होतं. मग तिने बटण दाबलं.

सतराव्या दिवशी फोन वाजला. त्याचा नंबर बघून तिने आधी फाइल उतरवल्याची नोंद उघडून समोर ठेवली. मग उचलला.

"ताई, एक तक्रार आहे," चष्मेवाला म्हणाला. "उजवी बाही बोटभर लांब झालीय. मनगटाशी कापू, की खांद्यातून घेऊ?"

फूटपट्टीने डोळे मिटले. "खांद्यातून," ती म्हणाली. "मनगटाला हात लावू नका. थांबा, मी सांगते कसं ते."