ताटल्या फिरतात तिथली बाई

तिचं नाव मी विचारलंच नाही. तंजावूरच्या बसस्टँडजवळच्या मेसमध्ये दुपारी माझ्यासमोरची एकच खुर्ची रिकामी होती, तिथे ती जपानी बाई येऊन बसली. जवळच्याच तिरुवैयारू गावात वीणा शिकत होती. तमिळ मोडकंतोडकं, पण बोलायची बेधडक.

मला पाहुणचाराचा भारी सोस. म्हटलं, "अहो, इथे कशाला? मोठ्या हॉटेलात सुशी मिळते म्हणे. चला, मी नेते."

"नको, नको! आमच्याकडे साध्या माणसांची सुशी फिरत्या पट्ट्यावरून येते. ताटली समोर आली की पटकन उचलायची. रविवारी घरचे सगळे जातात, पोरं ओरडतात. महागड्या जागी हळू बोलावं लागतं हो!"

तेवढ्यात वाढपी सांबाराची बादली घेऊन आला. तिचे डोळे चमकले. "इथे तर माणसंच फिरतात!"

मग समोर येईल ते ती घेत सुटली. भात, भाजी, पुन्हा भात, वर रसम. रसम केळीच्या पानावरून तिच्या मांडीकडे धावलं. तिनं घाईघाईनं भाताचं धरण बांधलं, तर वाढप्यानं त्यावर आणखी रसम ओतलं.

"पोदुम् म्हणा!" मी ओरडले. "पोदुम् म्हणजे पुरे!"

"पोदुम्!" ती अशी किंचाळली की मेसमधले सगळे वाढपी जागच्या जागी थांबले. मग जो हशा उसळला! ती तर हसता हसता टेबलावर आडवी झाली.

"घर सोडल्यापासून एवढी हसले नव्हते," हात धुताना ती म्हणाली.

मी तिला सुशी खिलवायला निघाले होते. तिला नुसता गलका हवा होता, आणि तो आमच्याकडे भरपूर होता.