पट्टा बरोबर आहे

कारखान्यात बाईंचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण ‘चालणाऱ्या मावशी’ म्हटलं की कुणीही तपासणीच्या खोलीकडे बोट दाखवी. नाडी मोजणारी मनगटी घड्याळं बाजारात जाण्याआधी खरं बोलतात की थापा मारतात, हे कळायला ती घालून कुणालातरी चालावं लागतं. मावशी दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधून ट्रेडमिलवर चालत, आणि दिवसभर चालून जिथल्या तिथेच असत. पगार मात्र चालण्याचाच मिळे.

छातीला एक पट्टाही असे, पाण्यानं ओला करून बांधलेला. तो खरा धरायचा आणि घड्याळांचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे, अशी तिथली रीत. घड्याळांची एक खोड तर खोलीत सगळ्यांच्या परिचयाची होती. माणूस एका ठेक्यात चालायला लागला की ती कधीकधी चक्क पावलं मोजतात आणि तीच नाडी म्हणून खपवतात.

नवरा गेला आणि मावशी आठवड्याभरात कामावर हजर झाल्या. रडल्या नाहीत. नणंदेनं चारचौघांत सुनावलं, की हिला मुळी काही वाटतच नाही. त्याचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. स्वयंपाक होत होता, कपडे वाळत होते, भावाचा फोन आला की ‘मी बरी आहे’ म्हणून होत होतं. बाकीचे म्हणत, बाई खंबीर आहे हो. फक्त सकाळी दात घासताना मावशींच्या मनात येई, नणंद खरंच बोलली असेल तर? एवढा संसार केला त्या माणसाबद्दल आज आत काहीच नाही, म्हणजे आधीही नव्हतं की काय? तोंड धुऊन त्या कामाला लागत.

त्या दिवशी त्या चालत असताना काचेपलीकडून पहारेकरी गेला, पाठमोरा. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर मावशींच्याच हातचं ठिगळ. नवऱ्याचे कपडे वाटून टाकताना तो त्यांनीच घडी घालून त्याला दिला होता. मावशी चालत राहिल्या. वेग तोच, पावलं तीच.

पडद्यासमोर बसलेल्या तरुण इंजिनियरच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन्ही घड्याळांचे आकडे शहाण्यासारखे स्थिर होते, पट्ट्याचा मात्र भलताच चढला होता. घड्याळं एकमेकांना दुजोरा देतायत म्हटल्यावर गड्यानं शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवलं आणि बहुमताची बाजू घेतली. पट्टा सुकलाय, हे रीडिंग काढून टाकतो, असं म्हणत त्यानं बटणाकडे हात नेला.

“थांब,” मावशी म्हणाल्या. “पुसू नकोस. पट्टा बरोबर आहे.”

“मग घड्याळं काय मोजतायत, मावशी?”

“पाय मोजतायत. घरीदारी सगळे तेच मोजतायत, बाळा. मीसुद्धा.”

त्यानं मशीन थांबवलं. मावशींच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या पडद्यावरच्या चढलेल्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. तो हळूहळू खाली यायला लागला, तेव्हा नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली, की आता हाही जाईल.