हात लावून ठेवा

"हलू नकोस," एक्स-रे काढणारा म्हणाला, आणि माझा मोडका हात त्यानं लाकडी पट्टीनं ढकलला.

नगरच्या इस्पितळातली एक्स-रेची खोली. खिडक्यांना काळे पडदे. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी सुप्याच्या रस्त्यावर खडी फोडायला होते. ढिगावरून घसरले, कोपराखाली हाड मोडलं. नवऱ्यानं बैलगाडीत घालून आणलं. दारातच जात विचारली. महार म्हटल्यावर सगळ्यांच्या मागं बसवलं, उन्हात.

माझ्या आधीच्या बाईला त्यानं हाताखाली उशी दिली होती. हात हलू नये म्हणून वर वाळूची पिशवी अलगद ठेवली होती. मी दारातून पाहिलं. मला मात्र पट्टी. तिचं टोक सुजेवर बसलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हलले.

"गेला फोटो वाया. तुम्हा लोकांना साधं गप पडता येत नाही."

पुन्हा पट्टी. पुन्हा कळ.

गावचा दुकानदार मीठ वरून पदरात टाकायचा. मी झेलायची. मान खाली घालून घरी यायची. त्या दिवशी मान खाली जाईना. मी चांगल्या हातानं पट्टी धरली.

"जनावराला काठीनं सारत्यात. मी मानूस हाय. हात लावून ठेवा, मग हलनार न्हाई."

"उतर खाली."

"न्हाई उतरनार."

बाहेर मागून आलेली माणसं खोळंबली. डॉक्टर डोकावले. माझ्याकडं पाहिलंही नाही. "उरका," म्हणाले आणि गेले.

तो हाताला फडकं गुंडाळायला लागला.

"फडकं काढा."

त्यानं काढलं. दोन बोटांनी माझं मनगट उचललं. खाली उशी सारली, वर पिशवी ठेवली. बोटं घामेजली होती त्याची.

"श्वास धर."

धरला. पापणी हलवली नाही. मशीन घरघरलं, थांबलं. फोटो स्वच्छ आला.

बाहेर नवरा घाबरा झाला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. "खडीवरल्या मुकादमाच्या कानावर गेलं तर काम जाईल. जा, आत जाऊन त्या फोटोवाल्याच्या पाया पड."

"जाऊ द्या काम."

काम गेलं. हात वाकडाच बसला, भाकरी थापताना अजून दुखतो. पण पाया मी पडले नाही. फोटोवाल्याच्या नाही, मुकादमाच्या नाही. पडणारही नाही.